भिंतीवरचं शेवाळ काढायच्या कामाचा भाव सांगण्याआधी

भाऊ, भिंत बघितल्याशिवाय फोनवर भाव सांगू नको. 30 फूट लांब, 20 फूट उंच म्हणजे 600 चौरस फूट. दर त्यावर लाव. परांचीचं भाडं आणि पाणी वेगळं धर. लातूरकडं उन्हाळ्यात टँकरच मजुरी खाऊन टाकतो.

दगडी क्लॅडिंगवर, म्हणजे भिंतीला बाहेरून चिकटवलेल्या दगडी फरश्यांवर, पाण्याचं जोराचं प्रेशर मारू नको, सांध्यातला माल निघतो. 4-5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (पातळ ब्लीच) एक भाग, पाणी चार भाग. आधी कोपऱ्यात लावून बघ. दहा मिनिटांनी धुऊन काढ, वाळू देऊ नको. अंगणातली तुळस आधी भिजवून झाक.

हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड मात्र कधीच मिसळू नको, क्लोरीन वायू सुटतो. तो जीवावर बेततो, रे. हातमोजे, चष्मा, उंचीवर सेफ्टी बेल्ट. बेल्टचे पैसे कापायला सांगणारं गिऱ्हाईक सरळ सोडून दे.