जिमनंतर घरच्या टबात बर्फाच्या पाण्यात बसलं तर स्नायू लवकर वाढतात का?

नाही, उलट वाढ मंदावते. ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त २०१५ साली आलेल्या अभ्यासात १२ आठवडे वजनं उचलल्यावर सुमारे १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, नंतर हलकं सायकलिंग करणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं मात्र कमी होतं, म्हणून लागोपाठ सामने असतील तर टब कामाचा. खरा धोका पहिल्या मिनिटातच असतो: गार पाण्याच्या धक्क्याने धाप लागते, नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नका. आणि घरात एकटे असताना तर कुणीच नको, कितीही धडधाकट असलात तरी.