जुळे सोलापुरात गच्चीवर येणाऱ्या, विजेच्या तारेने हात गेलेल्या वानराला घरी ठेवून सांभाळता येईल का? आणि अपंग एप्ससाठी (चिंपांझी, गिबनसारख्या बिनशेपटीच्या प्राण्यांसाठी) मदत कुठे करावी?

घरी ठेवू नका. वानर वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे तो गुन्हा ठरेल. जखम ओली असेल तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. जखम भरली असेल आणि ते कळपासोबत फिरत असेल, तर त्याला तिथेच राहू द्या. एका हाताची वानरं झाडावर व्यवस्थित जगतात. चपाती-बिस्किटं मात्र बंद करा. त्याचं पोट पानं आंबवून पचवणारं आहे, पार्ले-जीसाठी नाही!

एप्सचं प्रकरण वेगळंच. जपानमध्ये क्योटो विद्यापीठाच्या केंद्रात २००६ साली रिओ नावाचा चिंपांझी मानेपासून खाली लुळा पडला. महिनोन्‌महिने अंथरुणावर, पाठीला जखमा, वजन उतरलेलं. माणसाच्या आयसीयूइतकीच सेवा लागली. पुढे तो उठून बसला, व्यायामाने पुन्हा चालायलाही लागला. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंटर फॉर ग्रेट एप्स या आश्रयस्थानात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेला नकल्स नावाचा चिंपांझी होता. बाकीचे चिंपांझी त्याच्याशी जपून खेळायचे.

अशी सेवा म्हणजे वर्षानुवर्षांचा खर्च, त्यामुळे अशा आश्रयस्थानाला एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी द्या. जिथे पिल्लू कडेवर घेऊन सेल्फी काढू देतात, तिथे एक रुपयाही देऊ नका. आपल्या देशातला एप म्हणजे गिबन. आसामात जोरहाटजवळ त्याचं अभयारण्य आहे, जमल्यास बघून या.