शमी, आपटा आणि ग्वाल्हेरचा दसरा

प्रश्न : लग्नानंतर मी पुण्याहून ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, राहायला आले. माहेरी दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून वाटत असत. सासरी शमीची वाटतात. यांतले मूळ सोने कोणते? शिवाय, जयविलाससारखा महाल असताना शिंदे घराण्याचा दसरा गोरखी या जुन्या महालात आणि मांढरेच्या मातेच्या मंदिराच्या टेकडीवर का होतो?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : मान शमीचाच पहिला. अज्ञातवासात जाताना पांडवांनी विराटनगराबाहेरच्या शमीवर शस्त्रे लपवली आणि वर्ष सरल्यावर तिथूनच उतरवली, म्हणून क्षत्रिय घराण्यांत शस्त्रपूजा आणि शमीपूजन यांची जोडी जमली. आपट्याला सोनेपण आले ते रघुराजा आणि कौत्साच्या कथेतून. गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रांसाठी कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला, तो आपट्यावर, असे आपल्याकडे सांगतात. धर्मशास्त्राचे निर्णयग्रंथ मात्र शमी न मिळाल्यास अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची, पूजा करावी असे सांगतात. शमी हे कोरड्या मुलखातले झाड आहे. आपल्या भागात छोंकर म्हणून ते शेताच्या बांधावरही दिसते. सह्याद्रीच्या बाजूला आपटाच हाताशी असल्याने पर्यायाचीच तिथे रीत झाली असावी, असे मला वाटते.

आपट्याचे जोडपान ऐटीत हातावर ठेवता येते. शमीचे तसे नाही. तिची पाने चिंचेच्या पाल्यासारखी बारीक आणि डहाळी काटेरी. माझे वडील टेकडीवरून ती रुमालात बांधून आणत, तेव्हा घरी पोहोचेपर्यंत निम्मी पाने देठापासून सुटून रुमालाच्या घड्यांत शिरलेली असत. आई ती एकेक वेचून देवापुढच्या वाटीत ठेवी, आणि मगच आम्ही मोठ्यांच्या पाया पडून सोने देत असू. आजही शमी हातात घेतली की मला तो रुमाल आठवतो.

आता महालांविषयी. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला; त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले आणि महाराजवाडा चौकातला गोरखी महाल शिंद्यांचे राहते घर झाला. देवघर तिथेच आहे. जयविलास त्यानंतर, 1874 मध्ये, जयाजीरावांच्या काळात उभा राहिला. मायकेल फिलोज यांनी त्याची रचना युरोपीय धर्तीवर केली आणि तळमजला टस्कन, मधला डोरिक, वरचा कोरिंथियन असे मजल्यागणिक वेगळे खांब योजले. दरबार हॉलमधल्या दोन झुंबरांचे वजन प्रत्येकी सुमारे साडेतीन टन असून, ती टांगण्यापूर्वी छताची मजबुती पाहण्यासाठी वर हत्ती चढवले होते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. हा महाल मुख्यतः दरबाराचा आणि पाहुणचाराचा. राजा नव्या महालात गेला, पण देवघर गोरखीतच राहिले. कुळाचार देवघराला धरून चालतो, त्यामुळे दसऱ्याची पूजाही तिथेच होते.

टेकडीचे कारण सीमोल्लंघनात आहे. पावसाळा सरला, नद्या उतरल्या, की मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला गावाची शीव ओलांडून मोहिमेवर निघत, आणि शमीपूजन हा त्या प्रस्थानाचाच भाग; वाड्याच्या चौकात तो करता येत नाही. म्हणून कंपू भागातल्या मांढरेच्या मातेच्या, म्हणजे महिषासुरमर्दिनीच्या, मंदिरापाशी, संध्याकाळच्या सुमारास, घराण्याचे प्रमुख पारंपरिक पोशाखात शमीची पूजा करून तिला तलवार लावतात. तलवार लागताच भोवतीची माणसे पानांवर झेपावतात. त्या गर्दीत मराठी आणि हिंदी घरांतली माणसे सारखीच असतात, आणि मला या सोहळ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

आपण यंदा अवश्य जा, मात्र दुपार कलली की टेकडी गाठा, नाहीतर शमीपर्यंत नजरही पोहोचणार नाही. जयविलासमधले संग्रहालय निवांत पाहण्यासाठी दुसरा दिवस ठेवा. आणि माहेरची आठवण म्हणून आपटा आणून शमीशेजारी ठेवलात, तरी शास्त्राची काहीच हरकत नाही.