‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकात ती मुलगी एकच नसेल, तर बर्लिंग कुटुंबाला दोषी का मानायचे?

तुमच्या प्रश्नाचा रोख मला असा दिसतो: जे. बी. प्रीस्टली यांच्या या नाटकाच्या शेवटाकडे इन्स्पेक्टर गूल तोतया निघतो, त्याने एकेकाला दाखवलेला फोटो वेगवेगळ्या मुलीचा असू शकतो असे लक्षात येते आणि इस्पितळात त्या दिवशी कोणी आत्महत्या करून आलेलेच नाही असे कळते. मग पाच जणांनी मिळून एका मुलीचा बळी घेतला हा आरोपच कोसळत नाही का? नेमका हाच युक्तिवाद नाटकात जेरल्ड क्रॉफ्ट मांडतो आणि बर्लिंग पतिपत्नी तो आनंदाने उचलून धरतात. पहिल्या वाचनात मलाही तो बिनतोड वाटला होता. प्रेक्षकाला क्षणभर तो पटावा, अशीच लेखकाची योजना असावी.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. काळ १९१२ चा, स्थळ इंग्लंडमधले ब्रमली नावाचे काल्पनिक औद्योगिक शहर. गिरणीमालक आर्थर बर्लिंग यांच्या घरी मुलगी शीला हिच्या वाङ्‌निश्चयाची मेजवानी चालू असताना एक पोलीस इन्स्पेक्टर येतो आणि ईव्हा स्मिथ नावाची तरुणी जंतुनाशक पिऊन मेल्याचे सांगतो. चौकशीत उघड होते की बर्लिंगनी तिला संपात पुढाकार घेतल्याबद्दल कामावरून काढले, शीलाने तिची दुकानातली नोकरी घालवली, शीलाचा नियोजित वर जेरल्ड याने तिला काही महिने ठेवून सोडून दिले, शीलाचा भाऊ एरिक याच्यापासून ती गरोदर राहिली आणि श्रीमती बर्लिंगनी आपल्या संस्थेतर्फे तिला मिळू शकणारी मदत अडवली.

आता मूळ मुद्दा. समजा, या पाच वेगवेगळ्या मुली होत्या. मग बर्लिंगनी एका कामगार मुलीला काढलेच नाही का? शीलाने एका विक्रेतीची नोकरी केवळ रागाच्या भरात घालवलीच नाही का? फोटो एक असो वा पाच, कबुल्या मात्र खऱ्या आहेत आणि त्या इन्स्पेक्टरने नव्हे, घरच्यांनी स्वतःच्या तोंडाने दिल्या आहेत. शीला आणि एरिक हे ओळखतात. थोरली पिढी ओळखत नाही, कारण तिला भीती अपराधाची नसून बदनामीची आहे. बर्लिंगना ‘सर’ ही पदवी मिळण्याची आशा असते, त्यामुळे चौकशी जाहीर होऊन वर्तमानपत्रांत नाव आले तर काय, ही त्यांची खरी चिंता. तोतयाचे कळताच ती मिटते आणि ते मोकळेपणाने हसू लागतात. लाज आणि अपराधभावना यांतला फरक इथे फार स्वच्छ दिसतो: लाजेला पाहणारा दुसरा कोणी लागतो, आणि तो नाहीसा झाला की लाजही जाते.

वर्गभेदाच्या दृष्टीने मला सर्वांत बोचणारा भाग दुसऱ्या अंकातला, श्रीमती बर्लिंग यांचा वाटतो, आणि त्यावर फारसे कोणी थांबत नाही म्हणून मी थांबतो. मदत मागायला आलेली मुलगी सांगते की होणाऱ्या बाळाच्या बापाने पैसे दिले होते, पण ते चोरीचे असल्याचा संशय आल्यामुळे तिने आणखी घेतले नाहीत. बाईंना हे साफ खोटे वाटते. अशा थरातली मुलगी पैसे नाकारीलच कशी, असा त्यांचा हिशेब. म्हणजे नीतीचा असा काटेकोरपणा परवडण्याचा हक्कसुद्धा त्या गरिबाला द्यायला तयार नाहीत. विवेक ही जणू वरच्या वर्गाची खासगी मालमत्ता आहे. प्रत्यक्षात त्या रात्री ज्यांच्याविषयी आपण काही ऐकतो, त्यांत पैशाच्या बाबतीत एवढी सोवळी ती एकटीच ठरते आणि चोर निघतो तो बाईंचा मुलगा. त्यातच तिने मदत मागताना स्वतःचे नाव ‘मिसेस बर्लिंग’ असे सांगितल्याने बाईंचा पारा चढलेला असतो. कायदा त्यांना बोट लावू शकत नाही. मदत नाकारणे हा गुन्हा नाही, तशी एका कामगाराला नोकरीवरून काढणे ही बाबही त्या काळच्या इंग्लंडमध्ये मालकाच्या अधिकारातलीच होती. एरिकचे वर्तन सोडले, कारण दारूच्या नशेत त्याने तिच्या खोलीत जबरदस्तीने प्रवेश मिळवला आणि पुढे वडिलांच्या कचेरीतून पैसे उचलले, तर बाकी सारे जण नामानिराळे राहू शकतात. लेखकाला याच जागेवर बोट ठेवायचे आहे.

एक छोटा हिशेब मी वाचता वाचता केला होता, तो इथे देतो. कामगार मुलींना आठवड्याला सरासरी साडेबावीस शिलिंग मिळत, त्यांची मागणी पंचवीस शिलिंगची, म्हणजे वाढ अडीच शिलिंगची. एरिकने एकूण सुमारे पन्नास पौंड उचलले. पौंडाचे वीस शिलिंग धरले तर ते हजार शिलिंग होतात, म्हणजे ईव्हाची मागितलेली वाढ चारशे आठवडे, जवळजवळ पावणेआठ वर्षे, भागली असती. नाटकात हा हिशेब कोणी मांडत नाही. सगळे उघडकीला आल्यावर बर्लिंग हजारो पौंड द्यायला तयार होतात, आणि पैसे चुकीच्या वेळी देऊ करताय एवढेच उत्तर त्यांना मिळते.

काळाविषयी एवढेच सांगतो की नाटक घडते १९१२ मध्ये, पण पहिले प्रयोग झाले १९४५ मध्ये सोव्हिएत संघात, आणि लंडनमध्ये ते १९४६ मध्ये आले. टायटॅनिक बुडूच शकत नाही आणि युद्ध होणार नाही असे बर्लिंग ठासून सांगतात, तेव्हा दोन महायुद्धे पाहिलेला प्रेक्षक काय समजायचे ते समजतो. (हा विनोद मला जरा स्वस्त वाटतो, पण तो चालतो हे खरे.) अधिक महत्त्वाचे म्हणजे लंडनचा प्रयोग झाला त्याच वर्षी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विम्याचा, म्हणजे बेकारी, आजारपण, बाळंतपण अशा प्रसंगी हक्काची मदत देणारा, कायदा संमत झाला होता. गरजूला मदत मिळावी की नाही हे कुणा सुखवस्तू बाईच्या मर्जीवर सोडायचे की तो नागरिकाचा हक्क मानायचा, हा वाद प्रेक्षकाच्या दृष्टीने जिवंत होता. १९१२ ची श्रीमती बर्लिंग त्याला म्हणूनच जुनी वाटली नसणार.

नाटक निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. जाण्यापूर्वी इन्स्पेक्टर जे बोलतो ते उघड प्रवचन आहे. ईव्हा स्वतः एकदाही रंगमंचावर येत नाही, तिची गोष्ट आपण तिला दुखावणाऱ्यांकडूनच ऐकतो. श्रमिक वर्गाविषयीच्या नाटकात श्रमिकाला आवाजच नसावा हे मला दीर्घकाळ खटकत होते. पुढे रंगसूचना नीट वाचल्यावर लक्षात आले की तो वर्ग मंचावर हजर आहे. एडना ही घरची मोलकरीण. इन्स्पेक्टर आल्याची वर्दी तीच देते. शेवटच्या अंकात घर हादरून गेलेले असते, नोकरीवरून हाकललेल्या मुलीवरून इतका वेळ रणकंदन झालेले असते, आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजते, तेव्हा श्रीमती बर्लिंग सांगतात की एडना दार उघडील, चहा करण्यासाठी तिला त्यांनी जागेच राहायला सांगितले आहे.