तिऱ्हाईत, विमा आणि विंचू

प्रश्न आला आहे तो असा: दुचाकीच्या ‘थर्ड पार्टी इन्शुरन्स’ला मराठीत ‘तृतीय पक्ष विमा’ म्हणावे की ‘त्रयस्थ विमा’?

दोन्ही नकोत. ‘तृतीय पक्ष’ म्हटले की निवडणूक आठवते, आणि त्रयस्थ म्हणजे दोघांच्या भांडणात कोणाचीच बाजू न घेणारा. इथला तिसरा माणूस अलिप्त कसा राहील? पाय त्याचाच मोडलेला असतो. आपल्याकडे नेमका शब्द आहे, तिऱ्हाईत. करार तुमचा आणि विमा कंपनीचा; त्या दोघांबाहेरचा, तुमच्या गाडीमुळे ज्याचे नुकसान झाले, तो तिऱ्हाईत. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ने सक्तीचा केलेला विमा त्याच्यासाठी आहे. तरीही कर्वे रस्त्यावरच्या गॅरेजात मी वारंवार ऐकतो, “थर्ड पार्टी आहे ना, मग माझं मडगार्ड त्यातूनच करून द्या!” अहो, स्वतःच्या गाडीला तुम्ही तिऱ्हाईत कसे?

पण सगळा आनंद ‘विमा’ या शब्दात आहे. फारसीत ‘बीम’ म्हणजे भय, त्यावरून बीमा. हिंदीने ‘ब’ राखला, मराठीने ‘व’ केला. हा ‘बीम’ आणि संस्कृतातला ‘भी’ धातू एकाच कुळातले. म्हणजे आपले भिणे, भीती, भय ही सगळी विम्याची चुलत भावंडे. भीमसुद्धा! पाणिनीचे सूत्रच आहे, ‘भीमादयोऽपादाने’: ज्याच्यापासून भ्यावे तो भीम. आपल्या मुळा-मुठेचे पाणी जिला जाऊन मिळते ती भीमाही याच घरातली.

काही संस्कृताभिमानी ‘वि + मा’, म्हणजे विशेष मोजमाप, अशी फोड व्याख्यानांतून सांगत असतात. मला ती साफ अमान्य आहे. ‘वि’ हा उपसर्ग असेल तर हिंदी, उर्दू, पंजाबीत आणि थेट इराणात त्याचा ‘बी’ कसा झाला, याचे उत्तर आधी द्यावे. त्यांना चकवा लागतो तो ‘आयुर्विमा’मुळे. संस्कृत ‘आयुः’ला फारसी शब्द जोडताना आपण विसर्गाचा रफारसुद्धा केला, इतका तो घरचा झाला!

आणि क्रियापद? ‘विमा काढणे’ हे तिकीट काढल्यासारखे वाटते. ‘विमा उतरवणे’ म्हणा. उतरवणेच का, याबद्दल माझे मत ठाम आहे. आपण दृष्ट उतरवतो, भूत उतरवतो, विंचू उतरवतो. अंगात चढलेले, माणसाला सोडत नसलेले असे जे काही असते ते जाणत्याकडून उतरवून घ्यायचे असते. व्यापाऱ्याच्या उरावर बसलेले बुडण्याचे भयही तसेच. दुसरा कोणी पैसे घेऊन ते उतरवतो आणि स्वतःच्या डोक्यावर घेतो. शब्दाच्या पोटात भय आहे हे ज्यांनी ओळखले, त्यांनाच हे क्रियापद सुचले असणार.

माझे एक स्नेही म्हणतात, ते गलबतावरून माल उतरवण्यावरून आले. पटत नाही. विमा माल चढवण्याआधी करतात. बंदरात सुखरूप उतरलेल्या मालाचा विमा कोण कशाला करील?