‘स्वेच्छेने’ या शब्दाखाली सही करू नका

प्रश्न : मी सैन्यात नायक आहे, १३ वर्षं सेवा झाली. मी समलिंगी आहे हे एका साथीदाराला विश्वासानं सांगितलं आणि ते पलटणभर झालं. आता ‘तुझ्यामुळे जवानांचं मनोबल खचतंय’ म्हणून स्वेच्छेने सेवा सोडण्याच्या अर्जावर सही मागताहेत. काय करू?

उत्तर : सही करू नका. ‘घरगुती कारणास्तव, स्वेच्छेने’ असं लिहून दिलंत की जबरदस्ती झाली हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात येतं. शिवाय जवानाच्या पेन्शनला १५ वर्षं लागतात. दोन वर्षांसाठी ती हातची घालवू नका.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या नवतेजसिंग जोहर निकालानंतर प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. तरी गाफील राहू नका. लष्कर कायदा, १९५०च्या कलम ४६मध्ये ‘अनैसर्गिक’ स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि राज्यघटनेचा अनुच्छेद ३३ संसदेला सैनिकाच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू देतो. २०१९मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी सैन्यात हे चालू देणार नाही, असं जाहीरपणे सांगितलं होतं.

पण कलम ४६ वर्तनाचं आहे. काय केलं, कधी, कुठे, हे आरोपात यावं लागतं. तुम्ही कोण आहात हा माझ्या मते आरोपच नव्हे. म्हणूनच कुणाशी, कुठे भेटलात याचं एक अक्षरही लेखी देऊ नका. आरोप ठेवलाच, तर लष्कर नियमांतल्या नियम २२च्या सुनावणीत साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

मनोबलाचा हाच मुद्दा ब्रिटिश सरकारनं युरोपीय मानवाधिकार न्यायालयात मांडला होता. इतरांचा पूर्वग्रह एवढ्यावर कुणाची नोकरी घेता येत नाही, असं १९९९मध्ये न्यायालयानं ठरवलं. २०००च्या जानेवारीत तिथल्या सैन्यातली समलिंगींवरची बंदी उठली. आपल्या न्यायालयांना तो निकाल बांधील नाही, पण तुमच्या वकिलाच्या हाती असायलाच हवा. बाकीच्यांच्या मनातल्या आकसाची किंमत तुम्ही का मोजायची?

प्रत्येक बोलावण्याची तारीख, वेळ, हजर माणसं वहीत लिहा. चोरून रेकॉर्डिंग नको, त्यातून वेगळाच आरोप अंगाशी येईल. लष्कर कायद्याच्या कलम २६ खाली लेखी तक्रार द्या, पोच घ्या. अंतिम आदेश विरोधात गेला तर सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं.

आणि त्या साथीदाराशी भांडू नका. राग येणारच, पण उद्या तोच साक्षीदार असेल.