‘जड पाणी’ तळाशी बसतं का?

प्रश्न परभणीकडचा आहे. शेततळ्याच्या एका माहितीपत्रकात ‘उन्हाळ्यात जड पाणी तळाशी बसते’ असं छापलंय. आमच्याकडे जड पाणी म्हणजे बोअरचं, ज्यात डाळ शिजत नाही ते. मग हे वाक्य चूक का?

शास्त्र बरोबर आहे, शब्दाची जागा चुकली. ‘थंड पाणी जड असतं’ म्हटलं तर कुणाचाच घोटाळा होत नाही. पण ‘जड’ पाण्याच्या पुढ्यात बसवला की तो जोडशब्द होतो आणि मराठवाड्यात त्याचा अर्थ ठरलेला आहे: क्षाराचं, साबणाला फेस न येणारं. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन म्हणतात. तिथलं ‘जड पाणी’ अणुभट्टीतलं. ‘दाट’ही नको, त्यानं वरण डोळ्यापुढं येतं. ‘खालचं थंड पाणी’ लिहावं आणि आकडे द्यायचे तिथं ‘घनता’.

आकडे द्यावेतच, कारण गंमत त्यांच्यातच आहे. एक घनमीटर शुद्ध पाणी 20 अंशाला 998.2 किलो भरतं, 25 ला 997.0, 30 ला 995.7. म्हणजे 25 ते 30 मध्ये सुमारे 1.4 किलोचा फरक. 5 ते 10 मध्ये तो जेमतेम पाव किलो. म्हणून आपल्याकडच्या तापलेल्या पाण्यात दोन-तीन अंशांच्या फरकावरही वर ऊन, खाली थंड असा थर टिकतो. लिटरमागे एक ग्रॅम क्षार असले तर घनमीटरला साधारण 0.8 किलो वाढतात, म्हणजे पाणी तीनेक अंश थंड झाल्यासारखंच.

आता जानेवारीतल्या सकाळी तळ्याचं पाणी 20 अंशावर आहे आणि त्यात 27 अंशाचं, लिटरमागे एक ग्रॅम क्षाराचं बोअरचं पाणी हळूच सोडलं, तर ते भरतं 997.3. तळ्याचं पाणी गोडं धरलं तर जड पाणी चक्क वर राहतं! पाइप उंचावरून धो-धो सोडला तर मात्र सगळं मिसळून जातं. मे महिन्यात तळंच तापलेलं असतं, तेव्हा तेच पाणी तळ गाठतं.

ढगाळ दिवस, गार पाऊस किंवा जोराचा वारा आला की थर मोडतो. तळाचं प्राणवायू संपलेलं पाणी वर येतं, सडक्या अंड्याचा वास सुटतो, पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढतात. याला ‘पाणी पालटलं’ म्हणावं. ‘पाणी फिरलं’ लिहिलं तर वाचणाऱ्याला बुडालेली मेहनत आठवेल. नाथसागरासारख्या पसरट, वाऱ्याच्या पाण्यात मात्र वारा थर फार दिवस टिकू देत नाही.

तळ्यात थर आहे का ते बघायला 3 मीटर खोलीच्या शेततळ्यात दुपारी तीनला बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी. बाटली अडीच मीटरवर गेली की बूच ओढा, भरू द्या, वर काढताच तापमापी घाला आणि पृष्ठभागाच्या पाण्याशी ताडून बघा. बूच आधीच उघडं राहिलं तर बाटलीत वरचंच पाणी भरतं आणि फरक दिसतच नाही.